दुनळी आणि जवसाचे तेल

रविवार, ७ सप्टेंबर २०२५, रामपायली

निवृत्त होऊन सव्वादोन महिने झाले. छत्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून म्हणून. दिवसभराची नोंद लिहिल्याशिवाय मी कधी कपाटाला कुलूप लावले नाही. आता कपाट नाही, कुलूप नाही, हाताची सवय मात्र जात नाही. बालाघाटचे घर भाड्याने देऊन मंजू आणि मी इथे बाबूजींजवळ राहायला आलो तेव्हा ही वही घेतली होती. ती कोरीच पडून होती, कारण नोंद घेण्यासारखे काही घडत नव्हते. आज घडले.

जेवणे झाल्यावर बाबूजींनी मला ओसरीवर बोलावून एक कागद पुढे केला. बंदुकीच्या परवान्याचे नूतनीकरण. २९ तारखेला बंदूक घेऊन वारासिवनीला पडताळणीसाठी हजर व्हायचे आहे. बाबूजींना एकोणऐंशी चालू आहे. तिथल्या बाबूने सांगितले म्हणे, आता परवाना वारसाच्या नावावर करून टाका, नाहीतर बंदूक जमा करा. बंदूक चालती हवी, उघडून दाखवावी लागेल.

वारस म्हणजे मी. एकुलता एक.

मग बाबूजींनी आतून कापडात गुंडाळलेली दुनळी आणून खाटेवर ठेवली. बारा बोर, दोन नळ्या, बाहेर दोन घोडे, आजोबांच्या वेळची. हिच्या इतक्या जवळ मी याआधी एकदाच गेलो होतो. मी अकरा वर्षांचा असताना बाबूजी मला बांधीवर, धानाच्या शेतावर घेऊन गेले. धान निसवले होते आणि रानडुकरे लोंबी चावून टाकत होती. काडतुसांचा डबा माझ्या हाती देऊन त्यांनी हवेत बार काढला. मी डबा पाण्यात टाकून जो पळत सुटलो तो थेट मायच्या चुलीजवळ येऊन थांबलो. बाबूजी रागावले नाहीत, मारले नाही. पण त्यानंतर एकोणपन्नास वर्षांत त्यांनी मला बंदुकीजवळ बोलावले नाही. मीही गेलो नाही.

आज बोलावले. बरे वाटले.

सोमवार, ८ सप्टेंबर

बंदूक उघडत नाही.

ही बंदूक मधोमध मोडते. वरची चावी अंगठ्याने बाजूला दाबली की नळ्या पुढे झुकतात आणि मागून आतले दिसते. आमची चावी तसूभर हलेना. दाबून दाबून माझा अंगठा निळा पडला. सगळ्या लोखंडावर तांबूस, चिकट साय धरली आहे, कढईच्या बाहेरून धरते तशी. ती नखाने निघत नाही.

बाबूजी म्हणाले, बंदूक रिकामी आहे, काळजी करू नको. मी तशी नोंद घेतली. तेवढ्यात मंजू चहा घेऊन आली आणि तिने नको तिथे नाक खुपसले.

"आतून पाह्यली का?"

मी म्हणालो, उघडतच नाही तर पाहणार कशी?

"मंग रिकामी कशी? दिसल्याशिवाय रिकामी नाई."

मला फार ओशाळल्यासारखे झाले. बाबूजींनी जन्मभर बंदूक वापरली, त्यांचा शब्द मोडून ही शिवणकाम करणारी बाई त्यांनाच शिकवते.  पण बाबूजींनी उठून खाट फिरवली आणि बंदुकीचे तोंड मागच्या परसातल्या मातीच्या ढिगाकडे केले. आता बंदूक तशीच राहील आणि तिच्या पुढून कुणी जाणार नाही, असा मंजूचा हुकूम आहे. चहा थंड झाला होता.

गोंदियाला बंदुकीचा एक चांगला मिस्त्री होता. फोन केला तर कळले की तो वारला आणि मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. म्हणजे हे प्रकरण आता माझ्याच टेबलावर आले.

बुधवार, १० सप्टेंबर

मुलीने, मयुरीने नागपूरहून व्हिडिओ पाठवला, नवशिक्यांसाठी बंदूक कशी साफ करावी. त्यातल्या गोऱ्या माणसापुढे निदान वीस बाटल्या मांडलेल्या होत्या आणि त्याची बंदूक आधीच माझ्या ताटापेक्षा स्वच्छ होती. तरी मी दोनदा पाहून मुद्दे उतरवून घेतले. रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. पुढचे लाकूड काढा, मग नळ्या सुट्या होतात. नळी साफ करायचा गज मागून पुढे घाला, पुढून मागे नाही, म्हणजे घाण यंत्रात जात नाही. आधी मळ सोडवणारे औषध, मग तारेचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या, चिंधी पांढरी येईपर्यंत. शेवटी तेल, आणि तेही थेंबभर. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ.

त्यातला पहिला मुद्दा मंजूचाच निघाला. तिला सांगितले नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज बाबूजींशी वाजले. वाजले म्हणजे मी बोललो आणि ते गप्प राहिले, पण आमच्या घरात त्यालाच वाजले म्हणतात.

सकाळी शेजारचा हिरालाल आला होता. डुकरांनी त्याच्या बांधीचा कोपरा आडवा केला. आमच्याही धुऱ्याला, शेताच्या बांधाला, खुरांच्या खुणा आहेत. काकाजींनी एक बार काढला असता तर आठ दिवस फिरकली नसती, असे तो म्हणाला. पूर्वी बाबूजींच्या एका बारावर सहा घरांचे धान वाचायचे. बाबूजींनी मान हलवली आणि विषय गाईवर नेला.

तो गेल्यावर मी म्हणालो, यावर घासलेट सोडू, मळ सुटेल. बाबूजी म्हणाले, नको. मी म्हणालो, डिझेल सोडू. नको. मग मिस्त्री शोधायला जबलपूरला जाऊ. तर म्हणाले, कुणाच्या हाती द्यायची नाही. मग २९ तारखेला काय दाखवायचे, असे मी विचारले. आवाज थोडा चढला होता.

"नवमी होऊ दे," एवढेच बोलून ते गोठ्याकडे गेले.

बंदुकीचा आणि नवमीचा काय संबंध? वयोमानाने माणूस हट्टी होतो. मला तर वाटते, त्यांना ती माझ्या नावावर करायचीच नाही. काडतुसांचा डबा पाण्यात टाकणारा पोरगा अजून त्यांच्या डोळ्यांपुढून हललेला नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

अविधवा नवमी. मायची बरसी, म्हणजे वर्षश्राद्ध, आम्ही वर्ष भरण्याआधी जूनमध्येच उरकली होती, त्यामुळे आज तिच्या नावाने पान वाढले. मंजूने वडे, कढी, तांदळाची खीर केली. माय सवाष्ण गेली, गेल्या दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी. दसऱ्याच्या संध्याकाळी बाबूजी बांधीवर असताना ती अंगणात पडली, बालाघाटच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. मी बालाघाटलाच होतो म्हणून शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. हे मी पूर्वी कुठे लिहिले नव्हते, आज लिहितो.

जेवणानंतर बाबूजींनी देवघरातली मायची जवसाच्या तेलाची बाटली काढली. ती स्वतः जवस निवडून घाण्यावर देऊन तेल काढून आणायची. बाटलीत बोटभर तेल उरले आहे. त्यांनी बूच काढून वास घेतला, बराच वेळ, आणि बाटली परत ठेवली. तेल खवट झाले का ते पाहत असावेत.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आजचा दिवस महत्त्वाचा. सविस्तर लिहितो.

सकाळी मंजू खाटेजवळ बसून बंदुकीला नाक लावून हुंगत होती. मग म्हणाली की हे जवसाचे तेल आहे. तिच्या शिलाई मशीनला एकदा एका बाईने घरात दुसरे नाही म्हणून जवसाचे तेल घातले होते. आठ दिवस मशीन लोण्यासारखे चालले आणि महिन्याने असे जाम झाले की चाक फिरेना. जवसाचे तेल वाळते आणि वाळले की त्याची साय होते.

"बाबूजी, हे शेवटी कोनं लावलं होतं?" तिने हळूच विचारले.

बाबूजींच्या आधी मीच सांगितले, की मायनं, गेल्या दसऱ्याला, दुसरं कोण लावणार? दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिले की ती वाटीत जवसाचे तेल घ्यायची आणि पाची बोटांनी बंदुकीला वरपासून खालपर्यंत चोपडायची, लोखंड म्हणू नका, लाकूड म्हणू नका. गावात कुणी बंदुकीचे कौतुक केले की म्हणायची, माझ्या तेलावर चालते ते. मी हसत हसत सांगत होतो. बाबूजी उठले आणि चपला न घालता बांधीकडे गेले.

मंजूने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही तरी सांडले आहे. माझे काय चुकले ते मला अजून कळलेले नाही.

मी म्हणालो, मायचेच तेल असेल तर पन्नास वर्षे बंदूक जाम कशी झाली नाही, याच वर्षी कशी झाली?   उत्तर म्हणून बाबूजींच्या चपला माझ्या हातात देऊन तिने मला त्यांच्यामागे पाठवले.

बाबूजी धुऱ्यावर बसले होते. मी चपला ठेवल्या आणि शेजारी बसलो. बोलायला काही सुचेना म्हणून बॅटची गोष्ट काढली. कॉलेजात असताना नागपूरहून बॅट आणली होती, तेव्हा आमच्या कप्तानाने तिला जवसाचे तेल पाजायला सांगितले होते. लाकडाला त्याच्यासारखे दुसरे तेल नाही. आत मुरते, लाकूड तडकत नाही, रंग येतो. आपल्या बंदुकीचा दस्ता बघा, साठ-सत्तर वर्षांचे लाकूड आणि एक चीर नाही. ते मायच्या तेलाने. म्हणजे मायचे तेल चुकीचे नव्हते, फक्त लोखंडावरचे जागेवर नव्हते. लोखंडाला मंजूच्या मशीनचे तेल, लाकडाला मायचे. कामाची वाटणी झाली की दोन्ही शाखा नीट चालतात.

बाबूजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"लाकडावरचं पुसा नाई लागत?"

"नाई. उलटं दर सालाले लावा लागते."

"तिचं तसंच राह्यते त्याच्यात?"

मी म्हणालो, हौ, मुरलेले तेल कुठे जाणार?  मग त्यांनी चपला घातल्या.

घरी आल्यावर ते गोठ्यात गेले आणि आढ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून आणला. आत गज, तारेचा ब्रश, घासलेटची भरलेली बाटली आणि चिंध्यांचे बोचके. राशनवर घासलेट बंद होऊन किती वर्षे झाली, यांनी कुठून जपून ठेवले होते देव जाणे. चिंध्या मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या आहेत, काठ मी ओळखला. त्यांवर तीच तांबूस साय, जुनी, थरांवर थर. म्हणजे घरात सगळे सामान होते आणि मी व्हिडिओ पाहत बसलो होतो. आठवले की लहानपणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबूजी पहाटेच बंदूक घेऊन गोठ्यात शिरायचे आणि दोन दोन तास बाहेर यायचे नाहीत. माय म्हणायची, पाहा, कशी मिरवून राह्यले. तिथे काय करायचे कोण जाणे. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्थात सगळे दवाखान्यात होते.

मंजूने त्या चिंध्या घडी करून परत ठेवल्या आणि माझी जुनी बनियन फाडली.

बुधवार, १७ सप्टेंबर

चावीच्या फटीत आणि बिजागरीत सकाळ-संध्याकाळ घासलेटचे चार चार थेंब. पिसाने सोडायचे. मग खाट उन्हात, तोंड मातीच्या ढिगाकडे. बाबूजी शेजारी स्टूल टाकून बसतात आणि कोंबड्यांनासुद्धा पुढून जाऊ देत नाहीत. दस्त्याला घासलेट लागू नये म्हणून त्यांनी त्यावर स्वतःचे उपरणे बांधले आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

चावी हलली. तांदळाच्या दाण्याएवढी. बाबूजींना दाखवले तर म्हणाले, घाई करू नको. डुकरांनी आमचाही कोपरा आडवा केला.

शनिवार, २० सप्टेंबर

हे आजच लिहायला हवे.

सकाळी नऊच्या सुमारास बंदूक उघडली. मंजूने उघडली. माझा अंगठा दुखत होता म्हणून ती बसली, अशी नोंद करावी असे मनात होते, पण वहीत खोटे लिहून काय मिळणार? मी भीत होतो. बाबूजी तिसऱ्यांदा म्हणाले होते की रिकामी आहे. तरी मंजूने आम्हा दोघांना आपल्या मागे उभे केले, बोट चापापासून लांब ठेवले, दस्ता काखेत दाबला आणि चावीवर दोन्ही अंगठे टेकवले. कट् आवाज झाला. नळ्या झुकल्या.

उजव्या नळीत काडतूस. डाव्या नळीत काडतूस.

दोन्ही भरलेली, न उडालेली. पितळेवर हिरवा गंज चढलेला होता. मंजूने ती नखांनी ओढून काढली आणि एकेक करून स्टुलावर ठेवली. मग नळ्यांतून आकाश पाहिले, नंतर करंगळी घालून चाचपले. 

बाबूजी जमिनीवरच बसले. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी डुकरांसाठी दोन भरली होती. बार काढायच्या आधीच हिरालाल पळत आला, की काकी अंगणात पडली. त्यांनी घोडे उतरवले, बंदूक खुंटीला टांगली आणि गाडीत बसले. पुढे अकरा महिने ती त्यांच्या डोक्याशी टांगलेली होती, आणि त्यांना मनापासून वाटत होते की ती रिकामी आहे.

"मले वाटलं, काढली," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

मंजूने त्यांना पाणी दिले, त्यांच्याजवळ बसली. घरात सगळे सुखरूप आहेत, झाले, असे ती म्हणाली. रागावली नाही, आणि मी म्हटलेच होते, असेही म्हणाली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी माझी किल्ली हरवली होती, ते ती अजून महिन्यातून एकदा ऐकवते.

मला राहून राहून वाटते की छत्तीस वर्षे मी ठेकेदारांना सांगत आलो, तोंडी खात्री चालत नाही, जागेवर जाऊन मोजा. आणि घरात दहा-बारा दिवस नुसत्या तोंडी खात्रीवर बसून राहिलो.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घट बसले. आता साफसफाई चालू आहे आणि हे काम पूर्णपणे माझ्याकडे आहे. मंजूचे म्हणणे असे की तिला एवढा धीर नाही. मला आहे.

रोज बंदूक उघडतो, रिकामी पाहतो, बाबूजींना दाखवतो, मंजूला दाखवतो, मग हात लावतो. पुढचे लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या. पहिल्या चिंधीबरोबर तोंडाकडून अक्षतांचे सहा दाणे आणि चिमूटभर कुंकू निघाले. बाबूजींनी ते हातावर घेतले आणि खिशात ठेवले. पुढे चिंध्या काळ्या निघाल्या, मग तपकिरी, मग चहासारख्या. एकतिसावी चिंधी पांढरी आली. बिजागरीच्या खोबणीत दात कोरायची काडी चालते, हे माझे स्वतःचे संशोधन. नळीतून पाहिले तर आत आरशासारखी चकचकीत कडी एकात एक दिसतात. खरेच, इतकी सुंदर वस्तू मी या वयापर्यंत पाहिली नव्हती.

मग मशीनचे तेल. बिजागरीला एक थेंब, चावीला एक थेंब, नळ्यांतून तेलाची ओलसर चिंधी एकदा. बाहेरून हात फिरवायचा आणि बोटांचे ठसे कोरड्या फडक्याने पुसायचे, कारण घामानेही गंज चढतो.

बाबूजी स्टुलावर बसून पाहतात. मी एखादी फट विसरलो का ते पाहत असणार. आज त्यांनी हिरालालला हाक मारून बोलावले आणि नळी डोळ्याला लावून दाखवली. "पाह्य, वीरेंद्रनं काय केलं ते." हिरालालला दिसले की नाही ठाऊक नाही, त्याला मोतीबिंदू आहे. मी चिंध्या मोजत असल्याचे दाखवले.

रविवार, २८ सप्टेंबर

बंदूक दाराजवळ ठेवलेल्या ट्रंकेत, उघडी, रिकामी, कोरडी. वारासिवनीला जायची तयारी झाली. मी फाइल लावली आहे, खुणेच्या पताका चिकटवून. वारसाच्या रकान्यात माझे नाव पेन्सिलीने लिहून ठेवले.

धान कापायच्या आधी खालच्या बांधीत जवस फेकायचा म्हणतात बाबूजी. दरवर्षी माय फेकायची. दीड-दोन किलो बियाणे बघून ठेवायला सांगितले आहे.

सोमवार, २९ सप्टेंबर

तिघेही वारासिवनीला गेलो. पडताळणी झाली. तपासणाऱ्याने बंदूक उघडली, नळीतून खिडकीकडे पाहिले आणि विचारले, "किसने साफ की है?" बाबूजी म्हणाले, "बेटे ने." तो म्हणाला, अशी बंदूक वर्षात एखादीच येते.

मग बाबूने वारसाचे नाव विचारले. मी फाइल पुढे सरकवली. बाबूजींनी फाइलवर हात ठेवला आणि म्हणाले, "बहू. मंजू." बाबूने वर पाहिले. सून चालते का, असे बाबूजींनी विचारले. चालते म्हणाला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागेल, बाकी हरकत नाही. पेन्सिलीने लिहिलेले नाव मी स्वतः खोडले. रबर माझ्याच खिशात होते.

वाईट वाटले. खोटे कशाला लिहू. बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत होतो. मंजूलाही आधी सांगितले नव्हते, ती सारखी पदर सारखा करत होती. रामपायलीच्या थोडे अलीकडे बाबूजी माझ्याकडे न पाहता बोलले.

"माझ्या बोलन्यावर जो भरवसा ठेवीन, त्याले मी बंदूक कशी देऊ?"

 बरोबरच आहे. वडिलांवर भरवसा ठेवला म्हणून अपात्र ठरलेला वारस मी एकटाच असेन. थोड्या वेळाने मला हसू आले आणि मंजूने विचारले, काय झाले, तर सांगता येईना.

आणि एक गोष्ट. मला आतून जरा सुटल्यासारखेही वाटते आहे. बार काढायला लागला असता तर मी काढला असता का, ठाऊक नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

सण साधाच केला. आपटा, झेंडूच्या माळा, पुरणाऐवजी खीर. ट्रॅक्टर, विळे, मंजूचे मशीन, माझे पेन आणि पाटावर दुनळी. मंजूने ती आधी उघडून पाहिली, मला दाखवली, बाबूजींना दाखवली, मग मिटवली. हळदकुंकू वाहिले. मला वाटले, आता बाबूजी बंदूक उचलून मंजूच्या हाती देतील.

त्यांनी देवघरातून मायची वाटी आणली. बाटलीतले उरलेले तेल सगळे तिच्यात ओतले, बाटली उपडी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले, आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"तू लाव."

बंदूक मंजूची आणि माझ्याकडे तेलाची वाटी. पण आता मला या कामाची रीत माहीत आहे, म्हणून मी पाटापुढे बसलो. फक्त लाकडाला, असे स्वतःशी घोकत पाची बोटे बुडवली आणि दस्त्यावरून फिरवली. लाकूड तेल पीत होते. दस्ता हळूहळू चिंचेच्या गाभ्यासारखा लालसर झाला. मायचा हात फिरायचा तिथेच माझा फिरत होता आणि मला एकदम ती फार जवळ आल्यासारखी वाटली. बोटांवर तेल जास्त आले असेल, एक ओघळ लाकडावरून चावीवर गेला, नेमका जिथे जायला नको होता तिथे. पंधरा दिवसांच्या मेहनतीवर तेल. मी घाईने फडके शोधू लागलो.

बाबूजींनी माझे मनगट धरले.

"राहू दे. आज नोको पुसू."

मी म्हणालो, वाळले की पुन्हा जाम होईल. ते हसले. माय गेल्यापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. मंजू पदराने डोळे पुसत आत गेली, खिरीचे दूध उतू जात असावे.

त्यांना नेमके कशाचे हसू आले ते मी विचारले नाही. सकाळी सहाला डबा घेऊन गोठ्यात ये, म्हणाले. मंजूचे नाव घेतले नाही. मला एकट्याला बोलावले आहे.